संस्कृत आणि शोना: नाते नसलेल्या दोन भाषांची तुलना कशी करावी

शाळेत संस्कृत शिकलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेशी तुलना म्हटले की लॅटिन, ग्रीक, फारसी आठवते, कारण तिथे नाते आहे आणि शब्द एकमेकांना ओळख देतात. पण व्याकरण म्हणजे काय, ते किती तऱ्हांनी रचता येते, हे समजून घ्यायचे असेल तर नात्याबाहेरची भाषा शेजारी ठेवावी. त्यासाठी शोना मला फार योग्य वाटते. ती झिम्बाब्वेतली सर्वांत मोठी भाषा. एक कोटीहून जास्त लोक ती बोलतात आणि सीमेपलीकडे मोझांबिकमध्येही ती ऐकू येते. झेझुरु, कारांगा, मान्यिका, कोरेकोरे या तिच्या मुख्य बोली. १९३१ साली क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञाने या बोलींसाठी एकच लेखनपद्धती असावी असा अहवाल दिला आणि आजच्या प्रमाण शोनाची पायाभरणी तिथून झाली.

हा लेख शाळेपुरते संस्कृत आठवणाऱ्या आणि शोना अजिबात न येणाऱ्या वाचकासाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या, विशेषतः पहिल्या दोन. एक वही करा आणि तिच्यात तीन रकाने आखा: संस्कृत, शोना, मराठी. तिसरा रकाना गाळू नका. तो किती कामाला येतो ते पुढे दिसेलच.

पहिली पायरी: प्रश्न कोणता ते ठरवा

दोन भाषांची तुलना दोन कारणांसाठी होते. एक, त्या एका मूळ भाषेतून निघाल्या का हे पाहण्यासाठी. दोन, तेच काम त्या कशा वेगळ्या रीतीने करतात हे पाहण्यासाठी. संस्कृत इंडो-युरोपीय कुळातली, शोना नायजर-काँगो कुळाच्या बांटू शाखेतली. या दोन कुळांमध्ये नाते सिद्ध झालेले नाही. म्हणून आपले काम दुसऱ्या प्रकारचे.

तरीही नाते कसे सिद्ध होते हे एकदा हाताने करून पाहा, म्हणजे पुढे मोह होणार नाही. शोनाच्या शेजारी झुलू आणि स्वाहिली या तिच्या बांटू बहिणी घ्या आणि दोन ते पाच हे आकडे लिहा. शोनात विरि, तातु, ना, शानु. झुलूत बिली, थाथु, ने, ह्लानु. स्वाहिलीत विली, तातु, न्ने, तानो. आता संस्कृत द्वि, त्रि, चतुर्, पञ्च घ्या आणि शेजारी लॅटिन दुओ, त्रेस, क्वात्तुओर, क्विन्क्वे लिहा. दोन घरे आपोआप वेगळी होतात.

पण नुसत्या दिसण्यावर भागत नाही, नियम लागतो. 'झोपणे' शोनात कुरारा, झुलूत उकुलाला, स्वाहिलीत कुलाला. 'शेती करणे' कुरिमा, उकुलिमा, कुलिमा. शोनात जिथे र तिथे इतर दोघींत ल, आणि हे शब्दामागून शब्द टिकते. 'माणूस' शोनात मुन्हु, झुलूत उमुन्तु, स्वाहिलीत म्तु. 'वस्तू' चिन्हु, इन्तो, कितु. शोनाचा न्ह इथे झुलूच्या न्तशी जुळतो. संस्कृतचा श लॅटिनच्या कशी असाच जुळतो: शतम् आणि केन्तुम, दश आणि देकेम. १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमातून आल्या असाव्यात असे मांडले. पुढच्या शतकात विल्हेल्म ब्लेकने दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले आणि 'बांटू' हे नाव रूढ केले. दोन खंडांतल्या दोन कुळांवर एकच पद्धत चालली, ही मला या शास्त्राची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुसरी पायरी: कान तयार करा

शोना रोमन लिपीत लिहितात. या लेखात मी शोना शब्द देवनागरीत देतो आहे. त्यातला प्रत्येक 'आ' आखूड, मराठी 'आ'च्या जवळचा समजा. संस्कृतात ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो, शोनात बदलत नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. वाक्, मरुत्, जगत् असे व्यंजनान्त शब्द शोनात संभवत नाहीत.

आता तिसऱ्या रकान्याचा पहिला फायदा. मराठी माणसाला म्हण, न्हावी, व्हा हे उच्चार जन्मजात येतात. शोनात हेच ध्वनी पावलोपावली आहेत: म्हुरि म्हणजे कुटुंब, न्हासि म्हणजे आज. संस्कृतात ते नाहीत. तिथे ब्रह्म आणि वह्नि असा उलटा क्रम आहे, आणि बहुतेक मराठी तोंडे तो सुलटा करून 'ब्रम्ह' म्हणतात. मराठीत 'चमचा'तला च आणि 'जमाव'मधला ज हे दंततालव्य ध्वनीही आहेत. शोनात त्सांबा म्हणजे पत्र, द्झिम्बा म्हणजे घरे. हे उच्चार तुम्हाला वेगळे शिकावे लागणार नाहीत. साधा च मात्र 'चिमणी'तल्यासारखा तालव्यच ठेवा.

कठीण ध्वनी दोन. रोमन लिपीत एकटे बी किंवा डी आले की तो आपला ब-द नव्हे. हवा किंचित आत ओढून तो काढतात, सिंधी बोलणाऱ्यांना तो लगेच जमतो. आपल्या ब-च्या जवळचा, थोडा श्वासमिश्रित ध्वनी शोनात बी आणि एच मिळून लिहितात. त्यामुळे रोमन लिपीतले बीएच पाहून भ म्हणू नका. दुसरा कठीण ध्वनी म्हणजे शिट्टीचा स आणि झ. ओठ आखडून, जवळजवळ शिट्टी वाजवायच्या बेतात स म्हणायचा. स्विका म्हणजे पोहोचणे, त्स्वुकु म्हणजे लाल. देवनागरीत मला इथे स् आणि व लिहावे लागतात, पण बोलताना तो एकच ध्वनी आहे. जगातल्या फार थोड्या भाषांत तो आढळतो. डोकने त्यासाठी वेगळी अक्षरे सुचवली होती. १९५५च्या लेखनसुधारणेत ती सोडून साधी रोमन अक्षरे घेतली गेली. हा उच्चार लिहून समजत नाही. शोना बातम्यांचे ध्वनिमुद्रण रोज थोडे ऐका.

आणखी एक गोष्ट कानाने पकडायची, ती म्हणजे सूर. शोनात प्रत्येक अक्षर उंच किंवा खालच्या सुरात म्हटले जाते आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो, पण लेखनात सूर दाखवत नाहीत. संस्कृतच्या बाजूला वैदिक उदात्त, अनुदात्त, स्वरित आठवा. 'इन्द्रशत्रु' शब्दावरचा स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला आणि वृत्राचा घात झाला, ही कथा व्याकरणाच्या परंपरेत प्रसिद्ध आहे. वेदाच्या पोथ्यांत खुणांनी स्वर जपले गेले. पुढच्या संस्कृतातून ते गळाले.

तिसरी पायरी: लिंग विसरा, वर्ग शिका

इथे थांबायला हवे, कारण शोनाचे सगळे व्याकरण या एका गोष्टीवर उभे आहे.

संस्कृतात तीन लिंगे. वृक्ष पुल्लिंगी, नदी स्त्रीलिंगी, फल नपुंसकलिंगी. अर्थाशी त्याचे नाते ढिले असते: पत्नी या एकाच अर्थाचे भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी, आणि दार पुल्लिंगी, तेही बहुवचनी. शोनात स्त्री-पुरुष असा भेद व्याकरणात कुठेच नाही. 'तो जातो' आणि 'ती जाते' दोन्हींसाठी एकच रूप: आनोएन्दा. त्याऐवजी नामांचे वर्ग आहेत, आणि वर्ग शब्दाच्या सुरुवातीला दिसतो.

मुन्हु म्हणजे माणूस, वान्हु म्हणजे माणसे. मुति म्हणजे झाड, मिति म्हणजे झाडे. चिगारो म्हणजे खुर्ची, झ्विगारो म्हणजे खुर्च्या. इम्बा म्हणजे घर, द्झिम्बा म्हणजे घरे. रुरिमि म्हणजे जीभ किंवा भाषा, न्दिमि म्हणजे भाषा अनेक. बांटू भाषांच्या अभ्यासात या वर्गांना क्रमांक देतात: एकवचन आणि अनेकवचन यांचे क्रमांक वेगळे, म्हणून मुन्हु पहिल्या वर्गात आणि वान्हु दुसऱ्या. शोनात असे वीसच्या आसपास वर्ग मोजले जातात. घाबरू नका. सुरुवातीला वरच्या पाच जोड्या आणि खालची सहावी एवढ्या पुरेत.

सहावी जोडी विलक्षण आहे. बांगा म्हणजे सुरी, मापांगा म्हणजे सुऱ्या. दोम्बो म्हणजे दगड, मातोम्बो म्हणजे दगड अनेक. गुदो म्हणजे बबून माकड, माकुदो म्हणजे तशी माकडे. अनेकवचनात 'मा' लागतो हे खरे, पण एकवचनात काय होते पाहा: प-चा ब, त-चा द, क-चा ग. अघोष व्यंजन सघोष होणे हीच तिथे एकवचनाची खूण. संस्कृतात वाक् आणि ईश मिळून वागीश होते, जगत् आणि ईश मिळून जगदीश. ध्वनीतला बदल तोच, पण काम वेगळे. संस्कृतात शेजारच्या ध्वनीमुळे तो घडतो, शोनात तो वर्ग सांगतो. वहीत हे लिहिताना 'बदल' आणि 'बदलाचे कारण' असे दोन उपरकाने करा.

आता जुळणी. संस्कृतात विशेषण नामाचे लिंग, वचन, विभक्ती घेते: महान् वृक्षः, महती नदी, महत् फलम्. शोनात विशेषण, सर्वनाम, संख्या, क्रियापद सगळे नामाचा वर्ग घेतात, आणि तो समोरून घेतात. 'माझी मोठी खुर्ची' म्हणजे चिगारो चांगु चिकुरु. अनेकवचनी झ्विगारो झ्वांगु झ्विकुरु. तेच सुरीसाठी बांगा रांगु गुरु, अनेकवचनी मापांगा आंगु माकुरु. मोठ्याने म्हणून पाहा. संस्कृतात 'एतानि सुन्दराणि फलानि' म्हणताना शेवटच्या 'आनि'ची जी लय लागते, तीच शोनात शब्दांच्या सुरुवातीला लागते.

वर्ग बदलून आकारही बदलता येतो. म्वाना म्हणजे मूल, काम्वाना म्हणजे छोटेसे मूल, अनेकवचनी तुम्वाना. मराठीत आपण हेच लिंगाने करतो: सुरा-सुरी, विळा-विळी, हातोडा-हातोडी. संस्कृतात एक उलट गंमत आहे. अरण्य या नपुंसकलिंगी शब्दाचे स्त्रीलिंगी रूप अरण्यानी, आणि त्याचा अर्थ मोठे अरण्य. हिम आणि हिमानी तसेच. आपण सुरी म्हणून लहान करतो, तिथे संस्कृत हिमानी म्हणून वाढवते. तीन भाषांत तीन वाटा, आणि तिन्हींत नामाची जात बदलूनच आकार सांगितला जातो.

परके शब्द कसे पचवले जातात तेही इथेच पाहा. इंग्रजी स्कूलवरून आलेला शोना शब्द चिकोरो. त्यातला 'चि' हा उपसर्गच आहे असे धरून भाषेने अनेकवचन झ्विकोरो बनवले. मराठीने बसला स्त्रीलिंग आणि टेबलाला नपुंसकलिंग दिले, तोच हा प्रकार.

एक सूचना मानाविषयी. 'माझे बाबा जातात' हे शोनात बाबा वांगु वानोएन्दा. व्यक्ती एकच, पण 'वा' हा अनेकवचनाचा. थोरांना अनेकवचन, अगदी आपल्यासारखे. समवयस्काला ख्यालीखुशाली विचारताना वाकादि, वडीलधाऱ्यांना माकादि. संस्कृतात भवान् म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी ठेवतात किंवा आचार्याः असे बहुवचन योजतात. मराठी वाचकाने इथे शोनाची रीत सरळ उचलावी, ती अंगवळणी आहे.

चौथी पायरी: सांधे तपासा

पाणिनीच्या संधीचे तीन नियम घ्या. शाळेत ते पाठ केलेले असतात.

इको यणचि: इ, उ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की य्, व् होतो. सु आणि आगत मिळून स्वागत. शोनात पहिल्या वर्गाचा उपसर्ग मु, 'मूल' या अर्थाचे मूळ आना. दोन्ही मिळून म्वाना.

अकः सवर्णे दीर्घः: विद्या आणि आलय मिळून विद्यालय. शोनात अनेकवचनाचा वा आणि आना मिळून वाना, म्हणजे मुले. शोनात दीर्घ स्वराला वेगळे स्थान नसल्यामुळे दोन आ मिळून एकच उरतो.

आद्गुणः: महा आणि इन्द्र मिळून महेन्द्र. शोनात मा आणि इनो मिळून मेनो, म्हणजे दात. मा आणि इसो मिळून मेसो, म्हणजे डोळे.

पहिल्यांदा हे पाहताना अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच इथे जपायला हवे. याचा अर्थ पाणिनीचे नियम आफ्रिकेत पोहोचले असा नाही. आ म्हणताना जीभ खाली असते, इ म्हणताना वर. दोन्ही झटकन म्हणायला गेलो की जीभ मध्ये थांबते, आणि मध्ये ए आहे. उ-नंतर आ म्हणताना ओठ गोल होऊन सुटतात, तोच व्. तोंडाची रचना सगळ्या माणसांची सारखी, म्हणून दोन्हीकडे तोच परिणाम. पाणिनीची थोरवी यात आहे की त्याने हे इतके काटेकोर नोंदवले की अडीच हजार वर्षांच्या अंतरावर, ज्या भाषेचे नावही त्याच्या कानी पडले नव्हते, तिच्या शब्दांवर त्याची सूत्रे ठेवून पाहता येतात.

फरकही लिहून ठेवा. संस्कृतात संधी शब्दाच्या आत होतो तसा दोन शब्दांमध्येही होतो आणि लेखनात उतरतो. वर दिलेली शोनाची उदाहरणे शब्दाच्या आतली, उपसर्ग आणि मूळ यांच्या सांध्यावरची आहेत.

पाचवी पायरी: कर्ता-कर्म कसे कळते ते पाहा

'मूल फळ खाते.' संस्कृतात बालकः फलं खादति. शब्द उलटेपालटे केले तरी विभक्ती जागेवर, अर्थ जागेवर. शोनात म्वाना आनोद्या मुचेरो. कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम. नामाला विभक्तीचा प्रत्यय नाही. मग कर्म आधी आणायचे असेल तर? मुचेरो म्वाना आनोउद्या. क्रियापदाच्या मध्ये एक 'उ' शिरला. तो मुचेरोच्या वर्गाचा आहे आणि 'ते फळ' याची नोंद क्रियापदात ठेवतो. फळे अनेक असतील, मिचेरो असतील, तर आनोइद्या. संस्कृत नामाच्या अंगावर खूण ठेवते, शोना क्रियापदाच्या अंगावर.

सप्तमीचे काय? गृहे या एका रूपात घरात आणि घरी दोन्ही येतात. शोनात मुम्बा म्हणजे घरात, पाम्बा म्हणजे घरापाशी किंवा घरी, कुम्बा म्हणजे घराकडे. हे मु, पा, कु सुद्धा वर्गच आहेत, आणि क्रियापद त्यांच्याशीही जुळते. मुम्बा मुने वान्हु: घरात माणसे आहेत. इथे क्रियापदातला मु 'घरात' या जागेशी जुळला आहे, माणसांशी नाही. अशी जुळणी संस्कृतात नाही, मराठीतही नाही.

सहावी पायरी: एक धातू घेऊन शेवटपर्यंत जा

दहा धातूंची एकेक रूपे जमवण्यापेक्षा एका धातूची सगळी रूपे लिहा. स्वयंपाकाचा धातू घेऊ. संस्कृतात पच्, शोनात बिक.

पचति, तो शिजवतो. पच्यते, शिजवले जाते. पाचयति, तो दुसऱ्याकडून शिजवून घेतो. शोनात कुबिका म्हणजे शिजवणे. कुबिक्वा, शिजवले जाणे. कुबिकिसा, शिजवायला लावणे. कुबिकिका, शिजण्याजोगे असणे. कुबिकिरा, कुणासाठी तरी शिजवणे.

शेवटचे रूप डोळ्यांसमोर धरा. संस्कृतात 'मुलासाठी' म्हणायला चतुर्थी: पुत्राय पचति. मराठीत शब्दयोगी अव्यय. शोना ते 'साठी' क्रियापदात घालते: न्दिनोमुबिकिरा सादझा. सादझा म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले रोजचे अन्न. आता सोलून पाहा. न्दि म्हणजे मी, नो हा वर्तमानाचा, मु म्हणजे त्याला किंवा तिला, बिक धातू, इर म्हणजे साठी, आणि शेवटचा आ. 'मी त्याच्यासाठी सादझा शिजवतो.' सहा तुकडे, प्रत्येकाचा एकेक अर्थ, आणि सांधे स्वच्छ. आता पचामि सोला. मि-मध्ये पुरुष आणि वचन दोन्ही एकत्र गोठले आहेत. ते वेगळे काढता येत नाहीत. भाषाशास्त्रात शोनाला जोडणाऱ्या आणि संस्कृतला विरघळवणाऱ्या रचनेची भाषा का म्हणतात, ते या दोन शब्दांत कळते.

संस्कृतात आणखी एक बारकावा आहे. पचति आणि पचते. परस्मैपद आणि आत्मनेपद: फळ दुसऱ्याकडे जाते की स्वतःकडे. शोनात स्वतःसाठी शिजवणे म्हणजे कुझ्विबिकिरा. झ्वि म्हणजे स्वतः, इर म्हणजे साठी. जे संस्कृत एका स्वरात सांगते ते शोना दोन तुकडे जोडून उघड सांगते.

विकत घेणे शोनात कुतेन्गा. त्याला प्रयोजक प्रत्यय लावला की कुतेन्गेसा, म्हणजे विकणे. संस्कृतात क्री म्हणजे विकत घेणे, वि लावून विक्री म्हणजे विकणे. दोन्ही भाषांनी व्यवहाराच्या दोन बाजू एकाच धातूतून काढल्या, एकीने मागून जोडून, दुसरीने पुढून. आणखी एक निरीक्षण: बिकिसा पण तेन्गेसा. धातूत ए किंवा ओ असेल तर प्रत्ययातला इ बदलून ए होतो.

भूतकाळावर एक संध्याकाळ घालवा. पाणिनी सांगतो: अनद्यतने लङ्. जे आज घडले नाही, त्याच्यासाठी लङ्. परोक्षे लिट्: डोळ्यांआड घडले त्याच्यासाठी लिट्. उरलेल्यासाठी लुङ्. पुढच्या संस्कृतात हे भेद पुसट झाले आणि विद्यार्थ्याला ते नुसते पाठ करावे लागतात. कशासाठी, हे कळत नाही. शोना आजही हा भेद रोज बोलते. न्हासि न्दाबिका सादझा: आज मी सादझा शिजवला. नेझुरो न्दाकाबिका सादझा: काल मी सादझा शिजवला. आजचे न्दा, कालचे आणि त्याआधीचे न्दाका. हरारेतली कुठलीही आजी हा भेद न चुकता पाळते. 'अनद्यतन' या शब्दामागे माणसांची खरी गरज होती, हे मला शोनाकडे पाहून जितके पटले तितके कोणत्याही टीकाग्रंथातून पटले नव्हते.

सातवी पायरी: एकेक वाक्य पूर्ण उलगडा

शोनात म्हण आहे: चारा चिम्वे हाचित्स्वान्यि इन्दा. एका बोटाने ऊ चिरडत नाही. आपली 'एका हाताने टाळी वाजत नाही' त्याच अर्थाची. संस्कृत सुभाषित घ्या: यथा ह्येकेन चक्रेण न रथस्य गतिर्भवेत्. एका चाकावर रथ चालत नाही.

शोना वाक्य आधी. चारा म्हणजे बोट. चि हा सातव्या वर्गाचा उपसर्ग आणि आरा हे मूळ, दोन्हींचा सांधा झालेला. चिम्वे म्हणजे एक, पुन्हा चि. हाचित्स्वान्यि: हा म्हणजे नकार, चि म्हणजे ते बोट, त्स्वान्य हा चिरडण्याचा धातू, आणि शेवटी नेहमीच्या आ-च्या जागी इ, तोही नकाराचाच भाग. नकार क्रियापदाच्या दोन्ही टोकांना बसला आहे. इन्दा म्हणजे ऊ.

संस्कृत वाक्यात एकेन चक्रेण यांची तृतीया जुळते, दोघांच्या शेवटी. 'न' हा नकाराचा सुटा शब्द. रथस्य षष्ठी, तो गतीचा धनी. भवेत् हे गतिः या कर्त्याशी पुरुषाने आणि वचनाने जुळते; त्याला लिंगाशी देणेघेणे नाही. शोनातले क्रियापद मात्र वर्ग विचारल्याशिवाय पुढे जात नाही. अशी दहा वाक्ये उलगडली की पुस्तकातल्या तक्त्यांची भीती जाते.

आठवी पायरी: सारखे दिसणारे शब्द शेवटी हाताळा

मुद्दाम शेवटी. हे काम आधी केले की माणूस वाहवत जातो.

शोनात वडिलांना बाबा म्हणतात, आईला आमाइ. मराठी वाचक चमकतो. पण आई-बापांचे शब्द जगभर म, ब, प, त यांच्याभोवती फिरतात, कारण बाळाच्या तोंडून तेच ध्वनी आधी निघतात. रोमान याकबसनने यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. म्हणून नाते तपासताना हे शब्द बाजूला ठेवतात. न्हामो ऐकून नमो आठवेल. न्हामो म्हणजे संकट, हालअपेष्टा. शिरि ऐकून श्री आठवेल. शिरि म्हणजे पक्षी.

सर्वांत फसवा शब्द मात्र वर येऊन गेला आहे: बांगा रांगु गुरु. शोनात गुरु म्हणजे मोठा. संस्कृतातही गुरु म्हणजे जड, थोर, मोठा. ध्वनी तोच, अर्थही जवळजवळ तोच. आता पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवरची हत्यारे काढा. शोनात मूळ शब्द कुरु आहे: चिकुरु, माकुरु. ग फक्त त्या एका वर्गात येतो, दोम्बोतला द येतो त्याच कारणाने. त्यातला र झुलूत ल होतो: खुलु. स्वाहिलीत तो गळून कुउ राहतो. म्हणजे जुना बांटू शब्द क-पासून सुरू होणारा. संस्कृत गुरुचे भाऊबंद मात्र ग्रीक बारुस, लॅटिन ग्राविस. दोन्ही शब्दांचा माग मागे नेला की ते एकमेकांपासून दूर जातात. खरे नाते असते तर ते जवळ आले असते. हा एक शब्द नीट तपासला की इंटरनेटवरच्या 'अमुक भाषा संस्कृतमधून निघाली' अशा याद्या कशा वाचायच्या ते कळते.

उसने शब्द वेगळे. साखरेला शोनात शुगा म्हणतात. तो इंग्रजीतून आला. इंग्रजीत फ्रेंचमार्गे, त्याआधी अरबी आणि फारसीतून, आणि मुळात शर्करा. हा प्रवास खरा, पण तो मालाबरोबर झालेला आहे. हिंदी महासागरावरचा व्यापारही खरा: ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी अवशेषांत भारतातून आलेले काचेचे मणी सापडले आहेत. १५६० साली गोव्याहून गोन्सालो द सिल्वेरा हा जेझुइट धर्मोपदेशक मुतापा या शोना लोकांच्या राज्यात गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे मारला गेला. संपर्क होता म्हणून भाषा एका मुळाच्या ठरत नाहीत. वहीत उसन्या शब्दांसाठी वेगळे पान ठेवा आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या वाटेने आला ते लिहा.

ध्वनी-चित्रांचे शब्दही याच पायरीवर पाहा, कारण ते कुळ सांगत नाहीत पण भाषेचा स्वभाव सांगतात. शोनात त्यांना न्याउद्झोसिन्ग्वि म्हणतात. झी म्हणजे चिडीचूप शांतता. चेना म्बू म्हणजे पांढराशुभ्र. संस्कृतात असे शब्द थोडेच, मराठीत खच्चून भरलेले: काळाकुट्ट, लालभडक, पांढराफट्ट. तिसरा रकाना इथे भरभरून वाहील.

कोणती साधने घ्यावीत

संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश पुरेसा आहे. शोनासाठी मायकेल हॅनन यांचा १९५९चा शोना-इंग्रजी कोश आणि झिम्बाब्वे विद्यापीठात तयार झालेला १९९६चा शोना-शोना कोश, दुरामाझ्वि. हॅननच्या कोशात शब्दांचे सूरही दिलेले असतात, म्हणून सुरुवातीला तोच जवळ ठेवा.

कोश उघडण्याची सवय दोन्ही भाषांत सारखीच लावावी लागते. आगच्छन्ति शोधायचे तर आ काढा, न्ति काढा, गच्छवरून गम् ओळखा. हान्दिचामुबिकिरि, म्हणजे 'मी आता त्याच्यासाठी शिजवत नाही', शोधायचे तर पुढून हा, न्दि, चा, मु काढा, मागून इ आणि इर काढा. हाती बिक राहील. रोज संस्कृतची दोन आणि शोनाची दोन क्रियापदे अशी सोला. पहिल्या महिन्यात सूर आणि शिट्टीचे ध्वनी यांवर कानाने काम करा, वर्गांच्या सहा जोड्या तोंडपाठ करा, आणि व्याकरणाचे पुस्तक दुसऱ्या महिन्यात उघडा.